तायडेकाकांचे चौदा किलो

तायडेकाका मला पहिल्यांदा दिसले ते एडमंटनमधल्या त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर, हातात ताट घेऊन उभे. जुलै महिना होता. हिरवळीत त्यांनी मोजणीची लाल-पांढरी काठी रोवली होती आणि तिच्या सावलीवर नजर ठेवून ते घाईघाईने पोळी-भाजी खात होते. मी दोन बॅगा घेऊन फाटकात उभा. त्यांनी मान वर न करता विचारले, "जेवला का?"

"नाही, पण मला काही घाई नाही," मी म्हणालो.

"मले हाय. सात मिनिटं राह्यली."

मग कळले की त्यांचा वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ते मांस-मासे-अंडी सोडत आणि दिवसातून एकदाच, मध्यान्हाच्या आत जेवत. आमच्याकडे पुष्कळ लोक हे शील पौर्णिमेपुरते पाळतात; काका रोज पाळत. मात्र मध्यान्ह घड्याळाचा नव्हे, सूर्याचा. "इथं उन्हाळ्यात घड्याळ पुढं ढकलतात. सूर्य डोक्यावर येते दीड वाजून गेल्यावर. बुद्धाच्या काळी घड्याळ होतं का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रमिलाकाकूंचा आवाज आला, "आपल्या फायद्याचा सूर्य बरोबर सापडते यायले!"

काका शहराच्या जमीन-मोजणी खात्यात होते. मलकापूरजवळच्या खेड्यातून डिप्लोमा करून निघालेला हा माणूस तीस वर्षे एडमंटनच्या नव्या वस्त्यांच्या हद्दी आखत होता. मोजल्याशिवाय ते काही मानत नसत. बाहेर बरीच थंडी आहे, असे मी म्हणालो की लगेच उत्तर येई, "अंदाज नको सांगू, रीडिंग सांग." त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहायला गेलो तेव्हा माझ्याजवळ इथल्या कॉलेजचा एक वर्षाचा कोर्स होता आणि नोकरी नव्हती. मी मेहकरच्या नगरपरिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मुलाखत कशी देतात हे मला कोणी दाखवले नव्हते. ते काकांनी दाखवले. बेसमेंटमध्ये टाय बांधून ते माझ्यासमोर बसत, इंग्रजीत प्रश्न विचारत, आणि मी अडखळलो की वऱ्हाडीत ओरडत, "खाली काय पाहतं? माह्याकडं पाह्य!" एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मला काम मिळाले. टँकरमधून आलेल्या दुधातले फॅट आणि प्रोटीन तपासायचे. त्या दिवसापासून काका माझी ओळख करून देऊ लागले, "हा मिलिंद. आपला प्रोटीनवाला."

मला त्याचा अभिमान वाटे. पुढे जे झाले त्यात या अभिमानाचा वाटा मोठा होता.

माझ्या तिसऱ्या वर्षी काकूंच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडले. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे डायलिसिस सुरू झाले. ज्या हातातून रक्त काढून यंत्रात फिरवत, त्या हातातली शीर वसंतात दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा मार्ग फार दिवस भरवशाचा नाही. काकांचा रक्तगट जुळत होता. ते त्याच आठवड्यात आपली एक किडनी द्यायला गेले आणि अडले वजनावर. चौदा किलो उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू, असे क्लिनिकने सांगितले.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागदही दिला. उपाशी राहू नका. दिवसातून तीनदा खा, तिन्ही वेळा प्रोटीन घ्या आणि सोबत स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झिजतील. काकांनी तो कागद मॅग्नेटने फ्रिजवर लावला. मे आणि जून त्यांनी तो पाळला. वजन उतरत होते, पण हळू. मग आषाढी पौर्णिमा आली.

"या वर्षी राहू द्या," काकू म्हणाल्या. "तीन वेळा जेवा."

"तीन वेळा जेवून कोणता वर्षावास? अन् वजन तर कमीच करायचं हाय. दोन्ही कामं एकाच जेवणात होतात."

"त्या बाईनं सांगितलं का एकदा जेवा म्हणून?"

"त्या बाईनं प्रोटीन सांगितलं. अन् आपल्या घरात प्रोटीनवाला हाय." ते माझ्याकडे वळले. "काय रे? दिवसाचं सगळं प्रोटीन मध्यान्हाच्या आत बसवता येते का?"

मी दुधातले प्रोटीन यंत्राने तपासतो. माणसाच्या पोटात ते एका बैठकीत किती मावते, उपाशी पोटी व्यायाम केल्यावर शरीर काय खाते, यातले मला काही माहीत नव्हते. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. पण समोर काका होते. ज्यांनी मला इंग्रजीत मान वर करून बोलायला शिकवले, ते मला विचारत होते. मी म्हणालो, "बसवू की."

मी रात्र घालवून तक्ता केला. पनीर, टोफू, घट्ट दही, मोड आलेले मूग, सोयाच्या वड्या, दुधाची पावडर घुसळलेले ताक. बेरीज जुळली. फ्रिजवर दुसरे मॅग्नेट नव्हते, म्हणून मी माझा कागद आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावरच लावला. त्यांचा कागद पुन्हा कोणी पाहिला नाही.

काका डबा घेऊन साइटवर जात आणि ट्रकमध्ये बसून जेवत. संध्याकाळी मी विचारी, "डबा कसा झाला?" ते म्हणत, "तक्त्यापरमाणं." मी तक्त्यावर बरोबरची खूण करी. कामावरून आल्यावर, पोटात पाणी तेवढे, ते मला घेऊन नदीकाठच्या लाकडी जिन्यांवर जात. वर-खाली, वर-खाली. तिथे ऊन रात्री दहापर्यंत असते, त्यामुळे थांबायला निमित्तही नसे. वजन भराभर उतरू लागले. रविवारी वंदनेला आम्ही भाड्याच्या सभागृहात जमायचो, तिथे लोक टाळ्या देत, "काका, एकदम तरुण दिसून राह्यले!" काका खूश होत. सदरा खांद्यावरून ओघळत होता, त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

माझे होते. ऑगस्टमध्ये आम्ही ग्रोसरी घेऊन आलो. वीस पौंडांची कणकेची पिशवी काका आधी एका हाताने खांद्यावर टाकत. त्या दिवशी त्यांनी ती डिकीतून अर्धी उचलली आणि परत ठेवली. "पाठ धरली वाटते," ते म्हणाले. मी पिशवी आत नेली आणि गप्प बसलो.

आठवड्याने जिन्यावर तेच झाले, पण जास्त. उतरताना त्यांचा गुडघा दुमडला आणि ते कठड्याला धरून पायरीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. हात एवढे थरथरत होते की पाण्याच्या बाटलीचे झाकण त्यांना फिरवता येईना. मी ते काढून दिले. 

"काका, डॉक्टरांना फोन करू या."

"कराचा अन् काय सांगाचं? मंग ते फाइल बंद करतील. दोन किलो राह्यले, मिलिंद. दोनच." मग माझे मनगट धरून म्हणाले, "काकूले सांगू नको. तुले माही आण हाय."

मी सांगितले नाही. त्या दिवसांत काकूंना अंडी खाणे भाग होते, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जाते. पण त्यांना अन्नाचा वासही सहन होत नसे. काका समोर बसून आर्जवे करत, "खाय ना, एकच घास." काकू विचारत, "तुम्ही काय खाल्लं?" काका म्हणत, "माह्यं झालं." मी त्याच टेबलाशी बसून मान खाली घालून जेवत असे.

सप्टेंबरच्या मध्यात काट्याने चौदा किलो दाखवले आणि क्लिनिकने बोलावले. मी गाडी चालवत होतो. काका पुढे, काकू मागे. काकांनी मुलाखतीचा टाय बांधला होता.

आधी वजन झाले. नर्स म्हणाली, उत्तम. मग तिने काकांना हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला-बसायला सांगितले. तीन वेळा झाले. चौथ्या वेळी त्यांचा एक हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर गेला. नर्सने ते लिहून घेतले. मग तीच आहारतज्ज्ञ बाई आली. तिने काल काय खाल्ले ते विचारले. काकांनी माझ्याकडे बोट केले. मी तक्ता पुढे ठेवला, दोन महिन्यांच्या खुणांसकट. तिने तो नीट वाचला.

"हे डब्यात भरलेलं आहे, की खाल्लेलं?" तिने विचारले.

मी काकांकडे पाहिले. काका टेबलाकडे.

मागून काकू इंग्रजीत म्हणाल्या, "भरलेलं. खाल्लेलं पाहायचं असेल तर आमच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये आहे. काल उघडला मी. पनीर, टोफू, वड्या. सगळं थिजलेलं."

एवढे एकाच वेळी काकांना जात नव्हते. आणि टाकून द्यायचे मनाला पटत नव्हते. डबा तक्त्याप्रमाणे होता, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या खुणा मात्र खोट्या होत्या.

डॉक्टर आल्या. रक्ताचे रिपोर्ट त्यांच्यापुढे होते. "वजन कमी झालं, पण त्यात बरेचसे तुमचे स्नायूच गेले आहेत," त्या म्हणाल्या. "किडनी देणारा इथे निरोगी माणूस म्हणून येतो. त्याने निरोगीच घरी जायला हवं. आज मी तुम्हाला होकार देऊ शकत नाही. तीन महिन्यांनी या."

"तीन महिने हिच्याकडे नसले तर?" काकांनी विचारले. इंग्रजीत विचारले, मान वर करून.

"मग यादीतून दुसरी किडनी मिळावी म्हणून आम्ही प्रयत्न करत राहू," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण उत्तर तेच होते.

गाडी क्लिनिकच्या आवारातून बाहेर पडली. मग काकू बोलल्या, "तुमचं पुण्य तुमच्यापाशी ठेवा. मले पुण्य नको. मले किडनी पाहिजे."

काकांनी टाय सोडला आणि मांडीवर ठेवला.

माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "काकू, मला माहीत होतं. काका जिन्यावर पडता पडता वाचले. तीन आठवडे झाले. मी बोललो नाही."

"काहून?" हा प्रश्न काकूंचा नव्हता, काकांचा होता.

"तुम्ही आण घातली होती."

"आण मी घातली. ते माह्यं चुकलं. पण तू माह्या हातचा थरथराट पाह्यला होता. तुह्यापाशी रीडिंग होतं."

"तुमचे एवढे उपकार आहेत काका, तुमच्यापुढे कसं..."

"मिलिंद," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता, "मी तुले खोली देल्ली. तुह्यं तोंड बंद कराले नव्हती देल्ली."

सिग्नल हिरवा झाला तरी मला दिसला नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

वर्षावास संपायला तीन आठवडे होते. त्या रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर काका उठून उभे राहिले. काकूंना त्यांनी काही सांगितले नव्हते, पण काकूंच्या पिशवीत सहा उकडलेली अंडी होती, म्हणजे त्यांनी ओळखले होते. काका म्हणाले, "या सगळ्यांसमोर मी शील घेतलं होतं. सगळ्यांसमोरच खाली ठेवतो."

सभागृहात कुजबुज झाली. निवृत्त प्राध्यापक इंगळेसाहेब, जे सगळ्यांत वडीलधारे, ते हळूच म्हणाले, "तायडे, तीनच आठवडे. एवढे काढलेत, तेवढे काढा. लोकांत कसं दिसेल?"

"साहेब, हद्द चुकीची आखली असं कळल्यावर उरलेले खांब रोवत बसत नाही आपण. उपटतो." ते थांबले. "घरातलं दुःख कमी व्हावं म्हणून हे घेतलं होतं. ते वाढून राह्यलं. मले वाटलं मी तिच्यासाठी उपाशी हाय. मी माह्या नावासाठी उपाशी होतो."

 काकू जागेवरूनच अंडे सोलू लागल्या. टरफल तुटल्याचा आवाज मागच्या रांगेत ऐकू गेला. त्यांनी सोललेले अंडे काकांच्या हातात ठेवले. "खा. लोक पाहून राह्यले म्हणून थांबू नका." तीस वर्षे जे शील मोडले नव्हते, ते काकांनी दोन घासांत संपवले आणि दुसऱ्या अंड्यासाठी हात पुढे केला.

त्यानंतर आमच्या घरात नवा नियम आला, तो काकांचा. "मोजणी दोनदा करायची. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही जुळलं तरच खरं." वाढलेले वजन करायचे, मग ताटात उरलेलेही वजन करायचे. खाल्लेले म्हणजे दोन्हींतला फरक. सकाळी अंडी, दुपारी चिकन किंवा मासा, संध्याकाळी वरण आणि दही. माझा तक्ता मी फाडला आणि खालचा कागद पुन्हा वर आला. जिने आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस बेसमेंटमध्ये कणकेच्या पिशव्या उचलणे, खुर्चीतून उठणे-बसणे. पहिल्या पंधरवड्यात वजन दोन किलोंनी वाढले. त्या सकाळी काका काट्यावरून उतरेनात. "बंद झालं सगळं," म्हणाले. या वेळी मी गप्प बसलो नाही. तिथूनच आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिने सांगितले, घाबरू नका, चालू ठेवा.

नोव्हेंबरात काकूंच्या हाताला संसर्ग झाला. ताप उतरेना. चार दिवस त्या शुद्धीत असून नसल्यासारख्या होत्या. मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो तेव्हा काका कॉरिडॉरमध्ये खुर्चीवरून उठत-बसत होते. हात छातीशी बांधलेले, डोळे समोरच्या दारावर. जाणारी नर्स थबकली. काकांनी आकडा मोजणे थांबवले नाही. मी जवळ गेलो तेव्हा दिसले की त्यांचे गाल ओले होते आणि आकडा सतरावर होता.

काकूंचा ताप पाचव्या दिवशी उतरला. डिसेंबरच्या शेवटी काका पुन्हा खुर्चीसमोर उभे राहिले आणि नर्सने पुरे म्हणेपर्यंत थांबले नाहीत. या वेळी होकार मिळाला. फेब्रुवारीत, उणे तीस तापमानात, मी दोघांना शस्त्रक्रियेसाठी पहाटे हॉस्पिटलात सोडले. आधी काकांना आत नेले. दार लागताना ते मला म्हणाले, "आज रीडिंग तू घेजो. मी झोपलेला राहीन." दुपारी सर्जन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की नवी किडनी टेबलावरच काम करू लागली. मी घड्याळात पाहून वेळ लिहून घेतली.

काका दोन महिन्यांत कामावर गेले. पुढच्या आषाढीला मी विचारले, वर्षावास? ते म्हणाले, "करतो ना. फक्त तीन वेळा जेवून." मग मला पूर्वेकडे, दूरच्या मिल्टन गावी चांगली नोकरी मिळाली आणि मी गेलो. दर रविवारी फोन असे. ते कधीच "कसा आहेस" असे विचारत नसत. विचारत, "काय लपवून राह्यला?" आणि मला सांगावेच लागे.

शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, साइटवरून येताना, हायवेवर न दिसणाऱ्या बर्फावरून त्यांचा ट्रक घसरला. मी विमानाने पोहोचलो तोपर्यंत सगळे संपले होते.

अंत्यविधीनंतर घरी वंदना झाली. लोकांनी आणलेले जेवण टेबलावर मांडले. कोणी नीट जेवत नव्हते. माझ्या ताटात भात तसाच होता. काकू मात्र भिंतीशी बसून जेवत होत्या, एकेक घास नीट चावून. दोन बायका एकमेकींकडे पाहत होत्या, ते मला दिसले. काकूंनाही दिसले असावे.

त्यांनी मला जवळ बोलावले. "जेवत काहून नाही?"

"जात नाही, काकू."

"मले तरी कुठं जाऊन राह्यलं?" त्यांनी डावा हात पोटाच्या उजव्या बाजूला ठेवला, जिथे काकांची किडनी बसवली होती. "पण त्यायचं एवढं अजून चालू हाय. त्याले उपाशी कसं ठेवू?"

मग त्यांनी ताट पुढे केले. "भात पुरे. वरण वाढ."

मी वाढले. त्यांनी ते सगळे संपवले.